रक्तातील अभयदान



चतुर्विध दानात औषधदान व अभयदान यांची थोरवी आपण जाणतोच. १९६१ साली पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशात या दोहोंचा जणू संगम घडला. वारंवार हिवताप सोसून मोठी झालेली तेथील माणसे त्याने सहसा दगावत नसत. बळी जात ती कोवळी बालके. सिडनी कोहेन, इयान मॅकग्रेगर आदी संशोधकांनी प्रौढांच्या रक्तातील, रोगाशी झुंजणारी प्रतिपिंडे वेगळी काढून आजारी बालकांना टोचली. थोड्याच दिवसांत बालकांच्या रक्तातील परजीवी झपाट्याने घटले.

परंतु ही प्रतिपिंडे परजीवीच्या नेमक्या कोणत्या अंगावर प्रहार करतात? खरी कसोटी येथेच आहे. त्याची जनुके पाच हजारांहून अधिक. शिवाय आपले बाह्य रूप तो सतत पालटतो. बहुरूपीच म्हणा! ‘आरएच५’ हे त्याचे प्रथिन मात्र फारसे बदलत नाही, आणि त्याविना त्याला तांबड्या पेशीत शिरताच येत नाही. त्यावरील लसीची चाचणी बुर्किना फासोमधील बालकांवर झाली आहे.

सध्या आफ्रिकेतील बालकांना मिळणाऱ्या दोन लसी परजीवीला त्याआधीच, यकृताच्या वाटेवर गाठतात. पैकी ऑक्सफर्ड विद्यापीठात सिद्ध झालेली ‘आर२१’ पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली. तिचे चार डोस घ्यावे लागतात, आणि मच्छरदाणीही सोडता येत नाही.