पळत्या जनावराचा फोटो कसा काढावा?



पहाटे शेतात रोही शिरलेले दिसतात. मोबाईल काढेपर्यंत कळप उधळतो आणि फोटोत नुसता धुरकट पट्टा येतो. मग पंचनाम्याच्या वेळी नुकसान रोह्यांनी केलं की मोकाट गुरांनी, हे दाखवायला हाती काही राहत नाही. म्हणून आज फोकसबद्दल बोलू.

कॅमेरा आधी अंतर ठरवतो, मग फोटो घेतो. तेवढ्यात जनावर पुढे सरकतं. कधी मध्ये केळीचं पान आलं, तर कॅमेरा पानालाच धरतो.

आधी भिंग मऊ सुती कापडाने पुसा. पडद्यावर जनावराच्या अंगावर बोट टेकवा. ते सरकलं की पुन्हा टेकवा. बऱ्याच मोबाईलमध्ये बोट दाबून धरलं की फोकस तिथेच थांबतो. ही सोय वाटेसाठी वापरा. रोही बांधाच्या ज्या खिंडारातून जातात, तिथे आधीच फोकस धरून ठेवा आणि वाट पाहा. जनावर तिथे आलं की एकामागून एक फोटो घ्या. दहातला एक तरी नीट निघतो. बोटांनी चित्र फार मोठं करू नका, त्याने ते फुटतं.

चूक ओळखायची कशी? मागची झाडं स्पष्ट आणि जनावर ओढल्यासारखं लांबट आलं, तर उजेड कमी पडला. झाडं स्पष्ट पण जनावर नुसतं धूसर, तर फोकस मागे गेला.

बचत गटातल्या कुणाच्या मुलाकडे मोठा कॅमेरा असेल, तर हतनूर धरणावरच्या उडत्या पाखरांसाठी त्याला सतत फोकस आणि सेकंदाचा हजारावा भाग एवढा शटर ठेवायला सांगा.

फोटोचं मोल आपल्या सातपुड्यानेच दाखवलंय. वनपिंगळा हे छोटं घुबड 1884 नंतर कुणाला खात्रीने सापडलं नव्हतं. ते नामशेष झालं असंच मानलं जायचं. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना ते शहाद्याजवळ दिसलं. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. त्यांनी त्याचं चित्रीकरण केलं, म्हणून शंकेला जागा उरली नाही.

मात्र बायांनो, बिबट्या किंवा रानडुक्कर दिसलं तर फोटोपायी एक पाऊलही पुढे टाकू नका. घरट्याजवळही जाऊ नका. फोटो चुकला तर उद्या मिळेल, जीव नाही.