वाट मृगाची



मी सातवी शिकलेली बाई. भाषण मला येत नाही. मनातले दोन शब्द सांगते.

वैशाख सरत आला की बाजारची शिळी भाजी चिरताना मला आपल्या मांडवावरचा कोवळा दोडका आठवतो. त्याची भाजी होते, शिरांची चटणीही होते. पण मृग लागायचा ७ जूनच्या सुमारास. पाऊस पडल्यावर बी टोकायचे, मग दोडका हाती यायला दोनेक महिने. म्हणजे श्रावणच उजाडतो!

या दिवसांत मी बियांचा डबा उघडून बसते. दोडका, पडवळ, वाल, सगळे सासूबाईंच्या वेळचे बी, राखेत ठेवलेले. संकरित वाणाच्या फळातले बी पुढच्या साली तसेच उतरत नाही, हे उतरते.

गेल्याच्या गेल्या साली शेळीने माझा पडवळाचा वेल बुडापासून खाल्ला. बियांना एक फळ राहिले नाही. शेजारच्या काकूंना मी आधी चार बिया दिल्या होत्या, म्हणून ते वाण घरी परत आले.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण गावरान बी जपले, म्हणून त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. आपण तर पुडीवर नाव लिहिण्याइतक्या शिकलेल्या आहोत.

तेव्हा मृगाआधीच्या सभेला प्रत्येकीने घरचे थोडे बी पुडीत बांधून आणावे. यंदा ऋषिपंचमीच्या भाजीत एकमेकींच्या परसातले काहीतरी पडावे, एवढेच माझे मागणे.