धाकट्याला कोण सांभाळतं?

मंडळी, आज मुलांविषयी बोलू.

“हा पोरगा जन्माचाच हट्टी.” “ही पोर जात्याच मायाळू.” असे आपण सहज म्हणतो. आम्ही तीस वर्षांवर मास्तरकी केली. आमचे मत निराळे आहे. मुलाचा स्वभाव पुष्कळसा घरच्या रीतीने घडतो. घरात त्याला कोणते काम मिळते, यावरही तो घडतो.

१९५४ नंतर काही अभ्यासक जगातल्या सहा ठिकाणी जाऊन राहिले. त्यांतले एक गाव आपल्याच देशातले, उत्तर प्रदेशातले खालापूर. मुले खेळताना, भांडताना, काम करताना कशी वागतात, ते त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. पुढे १९७५ साली बिॲट्रिस आणि जॉन व्हायटिंग या नवराबायकोने त्यावर पुस्तक काढले.

आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथे गुसी लोकांच्या वस्तीत बाया शेतात राबत. तान्हे मूल सहासात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असे. मुलगे गुरे राखत. पाणी, लाकूडफाटा ही कामेही पोरांकडेच. ही मुले दुसऱ्याला मदत करायला पटकन पुढे होत. धाकट्याला दटावीत, पण त्याच्या भल्यासाठी.

अमेरिकेतल्या एका लहान गावात मुलांना घरकाम फारसे नव्हते. तिथली मुले “मला बघा, मला मदत करा” असे जास्त म्हणत. ती काही वाईट मुले नव्हेत बरं! शाळेत पुढे जाणारे मूल वाढवावे, ही तिथल्या आयांची इच्छा. रीत तशी मुले.

केनियातच लुओ नावाचे लोक आहेत. धाकट्याला सांभाळणे हे तिथेही मुलीचेच काम. पण घरात त्या वयाची मुलगी नसली, तर ते मुलग्याला करावे लागे. कॅरोल एंबर नावाच्या बाईंनी अशा मुलग्यांवर नजर ठेवली. घरातली कामे करणारे हे मुलगे इतरांपेक्षा कमी मारकुटे निघाले. हे त्यांनी १९७३ साली छापले.

आणि आपल्याकडे? पोराने धाकट्याला कडेवर घेतले, की चावडीवरचे लोक हसतात. “बायक्या झाला की रे!” म्हणतात. हे हसणे आम्हाला मुळीच आवडत नाही.

आता दुसरी बाजू. मूल सांभाळून पोरगी मायाळू होते, खरे. पण शाळेची घंटा झाली, की ती कुठे असते? झोळीजवळ. आई कामावर, बाप कामावर. धाकटं रडतं, तिला सोडून जाता येत नाही. वर्गात तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते. चार महिने गेले, की मागचे आठवत नाही. मग तीच म्हणते, “मला नको शाळा.” ती माया तिला फार महाग पडते.

यावर तोड निघाली ती आपल्याच महाराष्ट्रात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर आल्या. तेव्हा तो ठाणे जिल्हा, आता पालघर. वारली मुले शाळेत येईनात, कारण धाकटी भावंडे गळ्यात. बाईंनी त्यांना रागावले नाही. “धाकट्यालाही घेऊन या,” असाच तो बेत. एकाच ठिकाणी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा. थोरली इकडे बाराखडी गिरवी, धाकटं शेजारी पाळण्यात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली. तिचे नावच कुरणशाळा.

अंगणवाडीची योजना १९७५ साली आली. आता बहुतेक गावांत अंगणवाडी आहे. पण ती थोडेच तास चालते, आणि तान्ह्या मुलाला दिवसभर ठेवण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. आई ऊसतोडीला किंवा भातलावणीला गेली, की पुन्हा थोरलीच बसते.

ग्रामसभेत रस्ता निघतो, नळ निघतो, गटार निघते. पाळणाघराची गोष्ट कुणी काढत नाही. या खेपेला बायांनी ती काढावी. जागा कुठे, असे कुणी विचारील. समाजमंदिर आहे की! दुपारी तिथे पत्त्यांचा डाव पडतो, तेवढा पिंपळाखाली हलवा.