यादी कुणाच्या हाती?



आम्ही कामगारांची माणसे. शाळा फारशी शिकलो नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या दारात. तेथे एक गोष्ट पक्की कळली. कामगार वार्ताहराशी काय बोलला, हे मालकाला कळावे लागत नाही. कोण बोलला एवढे कळले, की त्याची भाकरी गेली.

हा मुलूख नाव न सांगण्याचे मोल जाणतो. १९४२ ते १९४६ क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत राहिले, ते गावोगावच्या माणसांनी तोंड मिटून ठेवले म्हणून. वाळवे, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. आज गावाला विचारावेच लागत नाही. फोनची यादी मागवली की झाले.

२०२३ चा दूरसंचार कायदा सरकारमान्य वार्ताहरांच्या छापावयाच्या मजकुराला थोडे संरक्षण देतो. पण कोणी कोणाला केव्हा फोन केला, ही नोंद निराळी. तिच्यासाठी २०१३ साली केंद्राने पोलीस अधीक्षकाच्या दर्जाची अट घातली, हे बरे केले. परंतु अधीक्षक हाही पोलीसच! इंग्लंडात २०१६ च्या कायद्याने, वार्ताहराला बातमी कोणी दिली हे शोधण्यासाठी नोंदी हव्या असतील, तर न्यायिक आयुक्ताची मंजुरी लागते.

खुनाचा तपास अडावा, असे आम्ही म्हणत नाही. आमचे मागणे एवढेच: यादी उघडण्यापूर्वी न्यायाधीशाची सही हवी. ती सही वार्ताहरापेक्षा त्याला फोन करणाऱ्या गरिबाला वाचवील.