वळणावर गाडी का सुटते?

सांगली-साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतार लागतो, आणि उतारावरच एस अक्षरासारखं वळण. १० एप्रिल २०१८ च्या पहाटे तिथं मजुरांची गाडी कठड्यावर आदळली. पंधराहून अधिक जीव गेले.

अशा वेळी ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढ्यावर तपास थांबवणं मला पटत नाही. ताबा का सुटला? वेग दुप्पट झाला, की वळणावर गाडी रस्त्यावर धरून ठेवायला चौपट जोर लागतो. रस्त्यावरचे वण बोलतात: चाक अडकून घासलं तर साधारण सरळ, गाडी आडवी घसरली तर वक्र. मग ब्रेक, टायर, लादलेलं वजन आणि रस्त्याचा कलही तपासायला हवा. खंबाटकीच्या नव्या सहापदरी बोगद्याच्या आखणीत ते वळणच टाळलं आहे.