अपस्मार आणि नाद



फेफरे आले की आपल्याकडे अजूनही चप्पल किंवा कांदा हुंगवितात. वस्तुतः या रोगाचे मूळ मेंदूतील विद्युत्क्षोभात आहे. मानवी मेंदूच्या विद्युल्लहरी जर्मन वैद्य हान्स बर्गर यांनी १९२४ साली प्रथम टिपल्या. तो आलेख वाचण्यास मात्र तज्ज्ञ लागतो. आणि काही झटक्यांत अंग आखडत नाही, रोगी नुसता गुंगीत दिसतो.

यावर स्टॅनफर्ड विद्यापीठातील मेंदूवैद्य जोसेफ परवीझी व संगीतज्ञ ख्रिस चेफ यांनी युक्ती काढली : त्या लहरींचा ध्वनी करून ऐकावयाचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात आलेखवाचन न शिकलेल्या परिचारिकांना व विद्यार्थ्यांनाही केवळ १५ सेकंद ऐकून झटका ओळखता आला.

उपचाराचे म्हणाल, तर शिकागोचे डॉ. जॉन ह्यूज यांना १९९८ साली, मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा ऐकविला असता २९ पैकी २३ रोग्यांच्या मेंदूतील विकृत लहरी कमी झालेल्या आढळल्या. तथापि संगीत औषधाची जागा घेऊ शकत नाही. उलट, क्वचित एखाद्यास संगीतानेच झटका येतो. मॅकडोनल्ड क्रिचली यांनी १९३७ साली या प्रकाराचे वर्णन केले आहे.

म्हणून विनंती एवढीच. झटका आल्यास रोग्यास कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत न थांबल्यास रुग्णालय गाठा. गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. आणि मुलीचे लग्न अडेल या भीतीने रोग लपवू नका. लपविलेल्या रोगास उपचार मिळत नाही.