घरचा प्रिंटर आणि त्याचा दुभाषी

घरांत नवा संगणक आला कीं जुन्या प्रिंटरवर संक्रांत येते, हा अनुभव आतां शहरांतील पुष्कळ कुटुंबांना आहे. प्रिंटर आठ-दहा वर्षांचा असतो. त्याचीं चाकें नीट फिरतात, कागद सरळ ओढला जातो, अक्षर स्वच्छ उमटतें. तरीहि नवा संगणक त्यास ओळख दाखवीत नाहीं. दुकानांत चौकशी करावी तर उत्तर मिळतें कीं, ह्या नमुन्याचा ड्रायव्हर कंपनीनें बंद केला, आतां नवें यंत्र घ्या. धडधाकट माणसाला केवळ त्याची बोली कोणास समजत नाहीं म्हणून घराबाहेर काढावें, तसाच हा प्रकार.

'ड्रायव्हर' हें नांव सारथ्याचें असलें तरी काम दुभाष्याचें आहे. संगणकाजवळ पानाचें वर्णन असतें: अमुक जागीं अमुक अक्षर, तमुक जागीं रेघ. प्रिंटरला समजतात ते बारीक ठिपके आणि त्याच्या कंपनीनें ठरविलेल्या खुणा. ह्या दोहोंमध्यें भाषांतर करणारी जी आज्ञावली, तोच ड्रायव्हर. हें भाषांतर कसें होतें तें कंपनीनें कुलपांत ठेवलें, तर यंत्र गिऱ्हाइकाचें आणि त्याची जीभ मात्र कंपनीची, अशी स्थिति होते.

ह्या स्थितीविरुद्धचा एक मोठा लढा प्रिंटरवरूनच पेटला, ही मौजेची गोष्ट आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटी ह्या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीकडून एक लेझर प्रिंटर भेट मिळाला. यंत्र वेगवान, पण त्यांत कागद वारंवार अडके. आपलें काम झालें असेल अशा समजुतीनें माणूस जाई, आणि पाहतो तों कागद मध्येंच अडकलेला व कामांची रांग तशीच तुंबलेली! तेथील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं आधींच्या एका प्रिंटरसाठीं ह्यावर साधी युक्ति काढली होती. कागद अडकणें त्यांना थांबवितां आलें नव्हतें. पण तो अडकला कीं ज्यांचीं कामें रांगेंत आहेत त्या सर्वांच्या पडद्यावर सूचना जावी, एवढा बदल त्यांनीं आज्ञावलींत केला होता. मग कोणी ना कोणी उठून कागद मोकळा करीच. नव्या यंत्राच्या बाबतींत हें जमेना; कारण त्याच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर, म्हणजे माणसाला वाचतां येणारा 'सोर्स', हातीं आलाच नव्हता. तो कार्नेगी मेलन विद्यापीठांतील एका गृहस्थाजवळ असल्याचें कळल्यावर स्टॉलमन ह्यांनीं त्याची भेट घेतली. गृहस्थानें नकार दिला. कोणासहि न देण्याचें वचन त्यानें आधींच देऊन ठेवलें होतें.

पुढें १९८३ मध्यें स्टॉलमन ह्यांनीं 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला, आणि १९८९ मध्यें त्याचा सर्वसाधारण परवाना निघाला: वापरा, वाचा, बदला, वाटा, मात्र पुढच्यासहि तोच हक्क द्या. ह्या सर्वाचें श्रेय एकाच नकारास देणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु ज्याला कागद अडकल्याची वर्दीहि शेजाऱ्यास देतां येईना, त्याला वाटलेली चीड कोणासहि समजण्याजोगी आहे.

आज मुक्त सॉफ्टवेअरच्या जगांत छपाईचा बहुतेक कारभार 'कप्स' नांवाची व्यवस्था पाहते. मायकेल स्वीट ह्यांनीं १९९७ मध्यें ती लिहावयास घेतली व १९९९ मध्यें ती लोकांपुढें आली. ॲपल कंपनीनें २००२ मध्यें ती आपल्या मॅक संगणकांत घेतली. म्हणजे मॅकवरून पान छापणारे कित्येकजण नांव ठाऊक नसतांनाहि कप्सच वापरीत आले आहेत. २००७ मध्यें ॲपलनें तिचे हक्क विकत घेतले आणि स्वीट ह्यांनाहि नोकरीस ठेवलें. २०१९ च्या अखेरीस ते तेथून बाहेर पडले, तेव्हां त्या बाजूचें काम मंदावलें. हाच मूळ मजकूर कुलपांत असता तर व्यवस्था तेथेंच आटोपली असती. तो उघडा होता, म्हणून 'ओपनप्रिंटिंग' ह्या मंडळींनीं २०२० मध्यें तोच धागा उचलला, आणि स्वीटहि त्यांत आहेत.

लिनक्स असलेल्या संगणकावर प्रिंटर जोडण्याचें काम वाटतें तितकें अवघड नाहीं. बहुधा तार जोडतांच तो आपण होऊन यादींत दिसतो. न दिसल्यास ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागीं रोमन लिपींत 'लोकलहोस्ट', मग एकावर एक दोन टिंबें आणि ६३१ हा आंकडा लिहावा. कप्सचें पान उघडतें. तें इंटरनेटवरील नव्हे, आपल्याच संगणकांतील आहे. तेथें व्यवस्थापनाच्या भागांत प्रिंटर जोडण्याची सोय आहे. संगणकाचा परवलीचा शब्द द्यावा लागतो. प्रिंटरला नांव देतांना मध्यें जागा सोडूं नये. मग कंपनी व नमुना निवडावा. येथें पुष्कळांची फसगत होते ती कागदाच्या मापांत. अमेरिकन 'लेटर' कागद २१६ मिलिमीटर रुंद व २७९ उंच. आपल्याकडील ए-४ हा २१० रुंद व २९७ उंच. लेटर हेंच माप राहून गेलें तर समास बिघडतात, आणि कांहीं यंत्रें तो कागद मागत नुसतीं थांबून राहतात. दोष बिचाऱ्या शाईला दिला जातो!

दुसरी एक नेहमींची तक्रार. कांहीं चूक झाली कीं कप्स पुष्कळदां ती रांगच थांबवून ठेवतें. घरांतील मंडळी पुन्हां पुन्हां छापण्याची आज्ञा देत राहतात, आणि रांग मोकळी होतांच एकाच अर्जाच्या सात प्रती बाहेर पडतात. त्याच पानावर थांबलेली रांग दिसते. नको तीं कामें आधीं रद्द करून मग ती चालू करावी.

मराठी मजकुराविषयीं मुद्दाम सांगण्यासारखें आहे. जोडाक्षरें जुळविणें, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे आणणें, हें काम प्रिंटरचें नव्हेच. तें संगणकांतच पुरें होऊन तयार आकृति पुढें जातात. म्हणून कागदावर चौकोन उमटले किंवा वेलांटी भलतीकडे गेली, तर आधीं तोच मजकूर पीडीएफ करून पडद्यावर पाहावा. तेथें शुद्ध दिसला तर पीडीएफच छापावें. तेथेंहि अशुद्ध असला तर प्रिंटरशीं भांडण्यांत अर्थ नाहीं, टंक बदलावा.

उघडें तें निर्दोष, असें मात्र समजूं नये. जवळपासचे प्रिंटर शोधून देणाऱ्या कप्सच्या एका सोबत्याविषयीं सप्टेंबर २०२४ मध्यें असें उघडकीस आलें कीं, परका मनुष्य त्याच्याकरवीं खोटा प्रिंटर आपल्या यादींत घुसवूं शकतो, आणि त्यावर छपाईची आज्ञा दिली कीं त्याच्या आज्ञा आपल्या संगणकावर चालतात. दुरुस्त्या लौकरच निघाल्या. ज्यानें अद्यतनें टाळलीं त्याच्या घरीं त्या पोंचल्या नाहींत.

आतां मुख्य चिंता जुन्या यंत्रांची. नवे प्रिंटर आपण काय करूं शकतों हें संगणकास स्वतःच सांगतात. त्यांना दुभाषी लागत नाहीं. कप्सच्या येऊं घातलेल्या तिसऱ्या आवृत्तींत म्हणून जुन्या धर्तीच्या ड्रायव्हरांना थारा नाहीं. मग कपाटावरच्या जुन्या प्रिंटरनें कोठें जावें? त्यासाठीं ह्याच मंडळींनीं तोड काढली आहे: जुन्या यंत्रापुढें एक छोटी आज्ञावली बसवावयाची, जी जगाशीं नव्या भाषेंत बोलते आणि आंत जुन्या बोलींत निरोप पोंचविते. पुष्कळ जुन्या नमुन्यांसाठीं अशा आज्ञावल्या आज तयार आहेत. सर्वच नमुन्यांची सोय झालेली नाहीं. ज्यांच्या खुणा कंपनीनें कधीं उघड केल्या नाहींत, त्यांची वाट बिकट आहे. म्हणून नवें यंत्र घेणारानें पैसे मोजण्यापूर्वीं ओपनप्रिंटिंगची यादी पाहावी.

ज्यांचा जुना प्रिंटर त्या यादींत आहे, त्यांना फारसा खर्च नाहीं. पत्त्यांच्या डबीएवढा रास्पबेरी पाय संगणक त्याच्या तारेला जोडावा, त्यांत कप्स बसवून प्रिंटर घरच्या वाय-फायवर सर्वांस खुला करावा. मग मुलाच्या फोनवरून सुटलेलें पान त्याच जुन्या यंत्रांतून, पूर्वींसारखाच खडखडाट करीत, बाहेर येतें.